मुलीकडचा माणूस

त्या दिवसाबद्दल मी नक्की सांगू शकतो अशी एकच गोष्ट आहे. माझ्या उजव्या पोटरीत शिंगाड्याचा काटा रुतलेला होता. बाकीचं मी पाहिलं की मला तसं वाटलं, आधी झालं की नंतर, हे अजूनही नीट लावता येत नाही. पस्तीस वर्षं हायस्कुलाच्या वाचनालयात पुस्तकं लावण्यात गेली, आणि एका रविवारचे चार-सहा तास मला क्रमाने लावता येत नाहीत. तरी लिहून पाहतो.

जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष झालं होतं. कार्तिक लागला होता. माझी धाकटी बहीण, जिला गल्लीत सगळे बेबीताई म्हणतात, नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन जबलपुरात चेरीतालला माझ्याकडेच राहते. मी लग्न केलं नाही. विचारायचं धैर्य गोळा होईपर्यंत वय निघून गेलं. त्यामुळे घरात आम्ही तिघंच : बेबी, तिची मुलगी इंदिरा आणि मी.

इंदिरा वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. जबलपुरात आपल्या माणसांची घरं ती किती, आणि त्यातून स्थळ जुळायचं म्हणजे अवघडच. दोन ठिकाणांहून पत्रिका परत आल्या होत्या. तिसरं स्थळ गावातल्याच सदर भागातलं. मुलाचं नाव गुणवंत. लढाईत तो फटफटीवरून लष्कराचे निरोप पोचवायच्या कामावर होता. परत आल्यावर कारखान्यात लागला आणि लष्कराच्या लिलावात निघालेली एक फटफटी त्याने विकत घेतली. घरी आई एकटी, भानुमतीबाई, मूळच्या उमरेडच्या. पत्रिका जुळली, मुलगी पाहून झाली. चहा देताना इंदिरेने त्याच्याकडे दोनदा पाहिलं असं मला वाटलं. बेबी म्हणते, तीनदा.

आता एवढंच उरलं होतं की मुलीच्या मामाने मुलाकडे जाऊन घर पाहायचं, पानसुपारी घ्यायची, आणि त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत आमच्याकडून नारळ पाठवायचा. नारळ गेला म्हणजे होकार. बापाविना मुलगी, म्हणून हा निर्णय माझ्यावर आला. घरात आज भाजी कोणती करायची हेही मी कधी ठरवलेलं नाही.

रविवारी सकाळी गल्लीत फटफट वाजली. कोंबड्या उडाल्या, पोरं धावली. उंचापुरा गुणवंत दारात उभा.

"चलो मामाजी! आई म्हणाली, मामाजींना टांग्याने येऊ देऊ नको, घेऊनच ये."

मी स्वयंपाकघरात गेलो.

"बेबी, मी मागून टांग्याने येतो म्हणून सांग ना त्याला."

"काहून? पोरगा एवढा न्यायला आला."

"मला भीती वाटून राहिली."

"दादा, त्याला काय वाटेल? म्हणेल, मुलीकडची माणसं आतापासूनच नखरे करून राहिली. चुपचाप जा. धरून बस."

ताटात हळदकुंकू लावलेला नारळ तिने आधीच काढून ठेवला होता. इंदिरा दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "मामा, टोपी खिशात ठेवा. उडेल." मला वाटतं ती हसत होती.

गाडीच्या मागच्या बाजूला एक लहानशी कातडी गादी बसवलेली होती. मी धोतराचा सोगा कंबरेत खोचून कसाबसा चढलो.

"चष्माही खिशात घाला, मामाजी," गुणवंत म्हणाला. "मागच्या महिन्यात आमच्या मिस्त्रीचा उडाला. अजून शोधून राहिला तो."

मी चष्मा काढला. चष्म्याशिवाय मला हातभर अंतरापलीकडचे माणूस आणि खांब सारखेच दिसतात. हे त्याला सांगायला हवं होतं का? सांगितलं नाही.

पहिल्या वळणालाच माझ्या लक्षात आलं की हा मुलगा रस्ता पाहत नाही, फक्त मोकळी जागा पाहतो. समोर टांगा आला की तो उजवीकडून निघे, उजवीकडे बैलगाडी आली की डावीकडून. एकदा आम्ही लष्करी लॉरी आणि हातगाडी यांच्या मधून गेलो. लॉरीचा पत्रा माझ्या गुडघ्याला घासून गेल्यासारखा वाटला, किंवा तो वारा असेल. "बाजू! बाजू!" असं तो ओरडत होता, आणि माणसांचे धूसर आकार दोन्हीकडे पांगत होते. मध्येच दोन्ही हात सोडून त्याने गळ्यातला मफलर नीट केला.

त्याला हळू चालव म्हणायला काय हरकत होती, असं आता कोणीही विचारील. मी स्वतःला रोज विचारतो. पण मुलीकडच्याने मुलाकडच्याला हळू म्हणायचं नसतं. असं कुठे लिहिलेलं नाही. बेबीच्या लग्नात व्याह्यांनी आमच्या वडिलांना दोन तास उन्हात उभं ठेवलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "वा, हवा छान आहे." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. तेच मी शिकलो असणार. मी गाडीवर बसून मनात एक वाक्य तयार करत होतो, ज्यात त्याच्यावर ठपका येणार नाही. "नेपियर टाउनकडे झाडी काय सुंदर आहे, जरा पाहत पाहत जाऊ या का?" मग वाटलं, 'का' नको, प्रश्न विचारला की अविश्वास वाटतो. मग वाटलं, झाडी मला दिसतच नाही, उगाच खोटं कशाला.

हे वाक्य मी घासूनपुसून लख्ख करत असताना ते झालं.

वळण होतं. उजवीकडे काहीतरी हिरवं-काळं. एक लांब करकर आवाज. गाडी डगमगली, माझ्या पोटरीला चटका बसला, आणि एक बाई ओरडली, "अरे दैया!" मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर काहीतरी सांडलं होतं. एक लाल धब्बा होता. तो लुगड्याचा होता की रक्ताचा, मला कळलं नाही.

"काही लागलं का हो?" मी ओरडलो.

"काही नाही मामाजी! टोपलीला चाकाची कड लागली जरा. भर रस्त्यात बसतात हे लोक!"

आणि आम्ही पुढे. मी पुन्हा काही बोललो नाही. टोपली म्हणाला म्हणजे टोपलीच असेल. डोळे त्याचे चांगले आहेत, मी मनाशी म्हटलं.

सदरला भानुमतीबाईंनी अंगण सारवून ठेवलं होतं. घर स्वच्छ, देवघरात समई, भिंतीवर गुणवंतचा लष्करी पोशाखातला फोटो. पोहे आले, चिवडा आला.

"आई, मामाजी जबरदस्त आहेत हं!" गुणवंत म्हणाला. "हळू चालव म्हणून एक शब्द बोलले नाही. आमचे गोरे साहेब मागे बसले की रामनाम घ्यायचे, आपलं, त्यांचं जे काय असेल ते."

"मोठी शांत माणसं आहेत," भानुमतीबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मग शालिग्रामजी, नारळाची वाट पाहू ना आम्ही?"

"हो… म्हणजे बेबीला एकदा…"

"अच्छा, अच्छा. तिचा तर होकारच आहे म्हणा."

तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. "अगोबाई, हे रक्त कशाचं?"

माझ्या धोतराला पोटरीपाशी रुपयाएवढा डाग पडला होता. "दाराचा खिळा लागला असेल," मी म्हणालो. त्या हळद घेऊन येईपर्यंत मी वाकून पाहिलं, चष्मा लावून. काटा होता. शिंगाड्याचा, मुळाशी जरा हिरवा. कार्तिकात आमच्याकडे उपासाला रोज शिंगाडे येतात. तो काटा मला ओळखू येतो. तो पोटरीत येण्यासाठी टोपलीला नुसती कड लागून भागणार नव्हतं. आम्ही टोपलीतून गेलो होतो. आणि टोपलीमागे बाई बसलेली असते.

काटा मी उपटून खिशात टाकला. हळद लावून घेतली. पानसुपारीही घेतली. असा मी माणूस आहे.

परतताना, नेपियर टाउनमध्ये एका जुन्या शिक्षकांना भेटायचं आहे असं सांगून मी टांगा केला. गुणवंत सोडायला निघाला होता. त्याला नको म्हणताना माझी त्रेधा उडाली. ते वळण कुठलं हे मला सांगता येईना, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. टांगेवाल्याला म्हटलं, "जहाँ सिंघाड़ेवाली बैठती है." तो म्हणाला, "बाबूजी, आजकल तो हर जगह बैठती हैं." दोन ठिकाणी उतरलो, दोन्ही चुकीची. तिसऱ्या ठिकाणी रस्त्यावर चेंदलेले शिंगाडे होते.

कडेला एक पानवाला होता. मी काही विचारण्याआधी तोच सांगू लागला.

"फटफटीवाला था बाबूजी. बाई का हाथ कुचल गया. पीछे एक बुड्ढा बैठा था, सफेद बालवाला. उसने तो पलटके देखा भी. देखा और चल दिया."

मी टोपी घातलेली होती, चष्मा लावलेला होता. त्याने मला ओळखलं नाही. माझा हात आपोआप टोपीकडे गेला, ती नीट आहे ना हे पाहायला.

बाई तिथेच, लिंबाच्या झाडाखाली बसलेली होती. चाळिशीची असेल. लुगडं लाल होतं. डावा हात फडक्याने बांधून मांडीवर ठेवला होता, आणि उजव्या हाताने ती उरलेले धड शिंगाडे निवडून फाटक्या टोपलीत टाकत होती. नाव सुखरानी. नवरा तलावावर गेला होता, शिंगाडे काढायला. तो संध्याकाळी येईल तोवर ती थांबणार होती.

"अस्पताल चलो," मी म्हणालो. "ताँगा है."

"काहे बाबूजी? आप कौन?"

इथेही मी एक वाक्य तयार करू लागलो होतो. पण ते तयार होण्याआधीच तोंडातून निघालं, "वो पीछेवाला बुड्ढा मैं था."

पानवाल्याने हातातला चुन्याचा डबा खाली ठेवला.

"तो रुकवाया काहे नहीं?"

"हम लड़कीवाले हैं."

हे मी का म्हणालो, देव जाणे. पण खरं तेच होतं. मला वाटलं ती ओरडेल, पानवाला माझी गचांडी धरील. तसं झालं नाही. मुलीकडची माणसं म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"लड़की आपकी?"

"बहन की."

"उसी को दोगे?"

ती उठली, टोपली पानवाल्याकडे दिली, आणि टांग्यात येऊन बसली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळत होती आणि मी टांगेवाल्याला "धीरे, भैया, धीरे" म्हणत होतो. टांगेवाला वैतागून म्हणाला, "बाबूजी, इससे धीरे तो घोड़ा सो जाएगा."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे, दोन बोटं पुन्हा वळतील असं वाटत नाही. ठेवून घ्यावं लागेल. तलावावर निरोप पाठवून मी घरी आलो तेव्हा दुपार कलली होती.

बेबी दारातच. "इतका वेळ? काय म्हणाल्या भानुमतीबाई? पाठवू ना नारळ?"

मी सगळं सांगितलं. क्रम चुकला असेल, पण काही गाळलं नाही. खिळ्याचं खोटंही सांगितलं. काटा ताटात नारळाशेजारी ठेवला.

बेबी खाली बसली. मग म्हणाली, "हात मोडला ना? जीव तर गेला नाही. जवान पोरगा आहे, लग्न झालं की हळू चालवेल. दादा, दोन पत्रिका परत आल्या आहेत. तिसरी आपण परत पाठवायची?"

तिचंही खरं होतं. मला प्रत्येकाचं खरं वाटतं. तोच माझा दोष.

इंदिरा भिंतीला टेकून उभी होती. तिने एकच विचारलं, "ते थांबले नाहीत?"

"नाही."

"तुम्ही थांबा म्हणालात?"

"नाही, इंदू."

ती आत गेली.

ऊन उतरायच्या सुमारास गल्लीत पुन्हा फटफट वाजली. नारळ आला नाही म्हणून आईने त्याला पाठवलं असेल, किंवा तो आपणच आला असेल. मी बाहेर गेलो आणि गाडीच्या पुढे उभा राहिलो.

"गुणवंतराव, त्या बाईचं मनगट मोडलं. ती दवाखान्यात आहे. चला, पायी जाऊन येऊ."

त्याचा चेहरा उतरला. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"तिथे गेलो म्हणजे कबूल केल्यासारखं होईल, मामाजी. पोलिसात नाव जाईल. कारखान्यातून काढून टाकतील."

"तरीपण."

"आणि तुम्ही मागे बसले होते ना? थांब म्हणून एक शब्द बोलले काय? मला वाटलं तुम्हाला मजा येऊन राहिली! आता काहून?"

मी गाडीपुढून हललो नाही.

मग तो खालच्या आवाजात बोलू लागला. "दोन वर्षं मला एकच शिकवलं. थांबायचं नाही. खड्डा आला, बैल आला, माणूस आला, थांबायचं नाही. कागद पोचला पाहिजे. आता हात थांबतच नाही तर मी काय करू?"

"आज कोणता कागद होता?" मी विचारलं.

कागद नव्हता. मीच होतो, पोह्यांसाठी निघालेला.

क्षणभर मला वाटलं, हा उतरेल. त्याने एक पाय खाली टेकवलाही. मग म्हणाला, "असं करा मामाजी. आधी नारळ पाठवा. एकदा घरचे झालो की मी तुमच्यासोबत येतो दवाखान्यात. खरंच येतो."

ती विनवणी होती की सौदा, मला आजही सांगता येत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा दिवसभराची धूळ असेल. मी तोंड उघडलं आणि "नाही" म्हणालो. त्याच वेळी आतून नारळ फुटल्याचा आवाज आला.

आधी माझं "नाही" की आधी नारळ, हे मी पुष्कळ आठवून पाहिलं आहे. बेबी म्हणते, आधी नारळ. मग मी काहीच ठरवलं नाही असं होतं. इंदिरेला विचारायचं धाडस झालेलं नाही. फुटलेला नारळ पाठवता येत नाही, हे गुणवंतलाही ठाऊक होतं. त्याने दाराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि लाथ मारून गाडी सुरू केली. त्या वेळी तो गल्लीतून हळू गेला. इतका हळू मी त्याला कधी जाताना पाहिलं नव्हतं.

आत इंदिरा खोबरं किसत बसली होती. मान खाली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. रात्री जेवणात खोबऱ्याची चटणी होती. बेबी माझ्याशी तीन दिवस बोलली नाही.

आठवड्याने मी दवाखान्यात निघालो तेव्हा इंदिरा म्हणाली, मीपण येते. सुखरानी खाटेवर उठून बसली होती. हात प्लास्टरमध्ये. उशाशी कोरी बांबूची टोपली होती, अजून ओला वास असलेली.

"कोई दे गया," ती म्हणाली. "लंबा-सा लड़का. पैदल आया था. नाम नहीं बताया, टोकरी रखी और चला गया."

मी इंदिरेकडे पाहिलं. ती टोपलीकडे पाहत होती. तिने वाकून टोपलीच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

"शादी पक्की हुई?" सुखरानीने मला विचारलं.

"नहीं."

"हमारे मारे?"

"नहीं, नहीं. हमारे मारे." आमच्याचमुळे. मग मला वाटलं, हेही पूर्ण खरं नाही, आणि मी इंदिरेकडे बोट दाखवावं की काय अशा विचारात अडखळलो.

सुखरानीने इंदिरेला नीट निरखून घेतलं. "अच्छी लड़की है. मिल जाएगा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पर बाबूजी, अब की बार देखने जाओ तो ताँगे से जाना. और चश्मा पहनके."

इंदिरा हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. नंतर परत येताना, पुलाजवळ कुठेतरी लांब फटफटीचा आवाज आला तेव्हा ती चालता चालता थांबली. आवाज जवळ येतो आहे की लांब जातो आहे, मला कळेना. मी तिला विचारलं, "रस्त्याच्या कडेला होऊ या का?"

ती म्हणाली, "मामा, आपण कडेलाच आहोत."